व्यक्ती तितक्या प्रकृती

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाविषयी वापरतो. परंतु शरीराच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे. एकाच घरात वाढलेल्या, एकच अन्न खाणाऱ्या दोन भावांपैकी एकाला आतड्याचा दीर्घ आजार जडतो आणि दुसरा ठणठणीत राहतो. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी आपल्या जनुकांत दडलेले आहे.

आपल्या पेशींतील डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला एक ग्रंथच होय. त्याच्या एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. ज्या भागात प्रथिन घडविण्याची सूचना असते, त्याला जनुक म्हणतात. ही सूचना तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. कोणत्याही दोन माणसांची सुमारे ९९.९ टक्के अक्षरे सारखीच असतात. उरलेला फरक अल्प असला, तरी त्याचा परिणाम कधीकधी मोठा होतो. ‘नगर’ या शब्दातील एक अक्षर बदलले की ‘मगर’ होते. ‘मदन गवत उपट’ या वाक्यात ‘मदन’नंतर ‘क’ घालून तीन-तीन अक्षरे वाचली, तर ‘मदन कगव तउप ट’ असे निरर्थक वाचन होते. जनुकातही असेच घडते.

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते आणि दुखते. यालाच दाह म्हणतात. दाह हा मुळात शरीराच्या संरक्षणाचा उपाय आहे. मात्र तो शमला नाही, तर तोच रोग ठरतो. दाह केव्हा सुरू करावा, याची सूचना पेशींना ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनांकडून मिळते. कुलपात ठरावीक किल्लीच बसावी, तसा ग्राहीला ठरावीक पदार्थच जुळतो.

क्रोन रोग हा आतड्याचा असाच दीर्घकालीन दाह आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले. २००१ मध्ये संशोधकांना या रोगाचा संबंध सोळाव्या गुणसूत्रावरील ‘नॉड-२’ या जनुकाशी आढळला. त्यापासून बनणारा ग्राही पेशीच्या आत राहून जिवाणूंच्या कवचाचे तुकडे ओळखतो. या जनुकाच्या एका प्रकारात केवळ एक अक्षर जादा असते. त्यामुळे १०४० ऐवजी १००७ अमिनो आम्लांचेच तोकडे प्रथिन तयार होते आणि ते जिवाणू नीट ओळखू शकत नाही. पहारेकरी दुबळा झाला, तर दाह कमी व्हायला हवा. मग तो वाढतो कसा? शास्त्रज्ञांचे एक स्पष्टीकरण असे, की वेळीच न रोखलेले जिवाणू आतड्याच्या आवरणात टिकून राहतात आणि शरीराच्या इतर यंत्रणांना त्यांच्याशी दीर्घकाळ झुंजावे लागते.

प्रत्येक बदल अपायकारकच असतो, असे मात्र नाही. २००६ मध्ये ‘इंटरल्युकिन-२३’ या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहीत असा एक बदल आढळला, की ज्यात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते. त्याने दाहाचा संदेश मंदावतो आणि क्रोन रोगाचा धोका घटतो. हाच संदेश अडविणारी औषधे आज उपचारांत वापरली जातात.

तथापि, जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे. नॉड-२ मधील बदलाची एक प्रत असल्यास धोका सुमारे दोन ते चार पटींनी वाढतो आणि दोन्ही प्रती बदललेल्या असल्यास त्याहूनही अधिक. तरीही असे बदल असणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना हा रोग होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकच आजारी पडल्याचीही पुष्कळ उदाहरणे आहेत. आतड्यातील जिवाणू, आहार आणि धूम्रपान यांचाही या रोगाशी संबंध आहे.

युरोपीय लोकांत आढळणारे नॉड-२ चे प्रमुख बदल भारतीय रुग्णांत फारच विरळ आहेत. शिवाय आपल्याकडे आतड्याच्या क्षयाची लक्षणे क्रोन रोगासारखीच दिसतात. दोहोंचे उपचार मात्र भिन्न आहेत. म्हणूनच केवळ जनुकचाचणीवर विसंबून न राहता तज्ज्ञांकडून योग्य निदान करून घेणे आवश्यक ठरते. इतरांच्या प्रकृतीवरून काढलेले निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही; त्यासाठी आपल्या लोकांचाही अभ्यास व्हायला हवा.