खानदेशी 'ना' व मराठी 'चा'

कोरीट गांव ज्या नंदुरबार भागांत आहे, तेथें मराठी, अहिराणी, गुजराती व भिल्ली बोलींच्या सीमा परस्परांत मिसळतात. अहिराणींतील 'रामना भाऊ, रामनी बहीण' यांतला 'ना' हा मराठी 'चा'चा अपभ्रंश होय, असा समज कधीं कधीं आढळतो. आमच्या मतें तो टिकत नाहीं.

१२ व्या शतकांतील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणांत 'अम्हेच्चय', म्हणजे 'आमचें', असें रूप आहे. संस्कृत 'सत्य' प्राकृतांत 'सच्च' होतें. त्याच न्यायानें 'दाक्षिणात्य' यांतील 'त्य'पासून 'च्च' व पुढें 'चा' निघाला असावा. अहिराणींत मात्र 'चार' हा 'चार'च राहतो. मग एकट्या प्रत्ययांतच 'च'चा 'न' झाला, असें म्हणण्यास आधार काय? उलट गुजराती 'रामनो भाई' हें 'रामना'स जुळतें.

तथापि केवळ साम्य हाही पुरावा नव्हे. आद्य स्लाव भाषेचा एकही लेख उपलब्ध नाहीं. तरी संस्कृत 'अविका' (मेंढी) व रशियन 'ओव्त्सा' यांतील प्रत्यय मूळचा एकच ठरतो, तो दिसण्यावरून नव्हे, ध्वनिनियमांवरून.

सारांश, 'ना' ही बिघडलेली मराठी नसून स्वतंत्र साक्ष आहे, व ती तशीच नोंदली पाहिजे.