315 वरून 305: दहा मिनिटांचा हिशेब

2024 च्या अखिल भारतीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटातली, घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी 305 मिनिटे विनावेतन घरकामात घालवते. 2019 च्या सर्वेक्षणात हा आकडा 315 होता. पाच वर्षांत 10 मिनिटे, म्हणजे 3.2 टक्के घट. याच वयोगटात रोजगाराशी संबंधित कामांत सहभागी असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 21.8 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेले. स्त्रिया विनावेतन कामांकडून सवेतन कामांकडे वळत आहेत, असा अर्थ सांख्यिकी मंत्रालयाने प्रसिद्धिपत्रकात लावला.

दोन्ही आकडे वर्णन करतात. मंत्रालयाचा निष्कर्ष कारण सांगतो. सामाजिक शास्त्रांत वर्णनात्मक संशोधनाची हद्द इथेच आखलेली असते. कोण, काय, किती आणि केव्हा याची उत्तरे ते देते. ‘का’ या प्रश्नासाठी वेगळी रचना लागते. मात्र वर्णन करणे हे सोपे काम आहे, हा समज वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे उलगडले की टिकत नाही.

आधी व्याप्ती. 2019 मध्ये 1,38,799 कुटुंबांतल्या 4,47,250 व्यक्तींची माहिती घेतली गेली. 2024 मध्ये 1,39,487 कुटुंबांतल्या 4,54,192 व्यक्तींची. दोन्ही वेळा जानेवारी ते डिसेंबर असे पूर्ण वर्ष आणि 6 वर्षांवरील सर्व सदस्य. त्याआधीचा प्रयत्न 1998-99 चा होता. तो सहा राज्यांपुरता आणि साधारण 18,600 कुटुंबांपुरता मर्यादित होता. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. देशातल्या स्त्रियांचा दिवस कसा जातो, याचे देशव्यापी मोजमाप 2019 पर्यंत झालेच नव्हते. ही उणीव लहान नाही.

आता छेदाकडे पाहू. 2019 मध्ये 6 वर्षांवरील गटात विनावेतन घरकामाला स्त्रिया 299 मिनिटे आणि पुरुष 97 मिनिटे देत होते. फरक तिपटीचा दिसतो. पण ही सरासरी ‘सहभागींची’ आहे. त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलेच नाही, ते हिशेबात धरलेले नाहीत. घरकाम करणाऱ्या स्त्रिया 81.2 टक्के होत्या आणि पुरुष 26.1 टक्के. न करणाऱ्यांची शून्ये मिळवली की स्त्रीची सरासरी 243 मिनिटांवर येते आणि पुरुषाची 25 मिनिटांवर. तिप्पट होती ती तफावत साडेनऊ पटींहून अधिक होते. दोन्ही सरासऱ्या बरोबर आहेत. पहिली सांगते की काम करणारा किती करतो. दुसरी सांगते की काम कसे वाटले गेले आहे. समानतेची चर्चा करायची असेल, तर दुसरीच उपयोगाची.

लहान मुले, आजारी आणि वृद्ध यांची देखभाल वेगळी मोजली जाते. 2024 मध्ये 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रियांनी आणि 21.4 टक्के पुरुषांनी ती केली. सहभागींची सरासरी अनुक्रमे 140 आणि 74 मिनिटे. सहभागींत फरक 1.9 पट, सर्वांत मिळून 3.6 पट.

‘घरातले काम बायकांचे, बाहेरचे पुरुषांचे, म्हणजे हिशेब बरोबर’ हा युक्तिवादही याच आकड्यांवर तपासता येतो. 2019 मधले, 6 वर्षांवरील गटातले रोजगार, स्वतःच्या वापरासाठीचे उत्पादन, घरकाम आणि देखभाल हे चारही विभाग सर्वांच्या सरासरीने एकत्र केले, तर स्त्रीचे दिवसाचे काम साधारण 364 मिनिटे भरते आणि पुरुषाचे 327. रोज 37 मिनिटांचा फरक. स्त्रीच्या 364 मिनिटांपैकी रोजगाराची मिनिटे फक्त 61. पुरुषाच्या 327 पैकी 263. जास्त काम एकाकडे, मोबदल्याचे काम दुसऱ्याकडे.

मग 10 मिनिटांच्या घटीचे काय? 6 वर्षांवरील गटात स्त्रियांचा घरकामाचा वेळ 299 वरून 289 मिनिटांवर आला. पुरुषांचाही घटला, 97 वरून 88 वर. घट जवळपास सारखी. पण स्त्रियांसाठी ती 3.3 टक्के आहे आणि पुरुषांसाठी 9.3 टक्के. परिणामी सहभागींमधले गुणोत्तर 3.08 वरून 3.28 झाले. स्त्रीचा भार हलका झाला आणि तफावत वाढली, ही दोन्ही विधाने एकाच तक्त्यातून निघतात. बातम्यांत पहिले आले. दुसरेही तितक्याच ठळकपणे यायला हवे होते.

या घटीचे कारण मात्र तक्त्यात नाही. 2019 आणि 2024 चे नमुने स्वतंत्र आहेत. त्याच स्त्रीला पाच वर्षांनी पुन्हा गाठलेले नाही. नोकरीला लागलेल्या स्त्रीचे घरकाम कमी झाले, की गॅस, नळ आणि मिक्सरमुळे सगळ्यांचेच थोडे घटले, की कुटुंबे लहान झाली, हे वेगळे करायला तीच कुटुंबे पुन्हा पुन्हा मोजावी लागतील.

मोजण्याची रीतही आकडा घडवते. भारतात प्रगणक मुलाखत घेतो आणि आदल्या दिवशी पहाटे 4 पासून मुलाखतीच्या दिवशी पहाटे 4 पर्यंतचे 24 तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत नोंदवतो. युरोपातल्या समान पद्धतीत उत्तरदाता स्वतः रोजनिशी भरतो आणि खण 10 मिनिटांचा असतो. भारतात एका खणात 10 मिनिटे किंवा अधिक चाललेली तीन कामे नोंदता येतात, पण दिवसाची बेरीज 1,440 मिनिटांपुढे जाऊ शकत नाही. भाकरी थापता थापता रांगत्या मुलावर लक्ष ठेवणाऱ्या स्त्रीची दोन्ही कामे पूर्ण वेळ धरली जात नाहीत. देखभालीचा आकडा कमी दिसण्याची शक्यता यातच आहे.

सर्वांत मोठी विसंगती दोन सरकारी सर्वेक्षणांमधली आहे. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये 15 वर्षांवरील 40.3 टक्के स्त्रिया कामात होत्या. वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटात हे प्रमाण 25 टक्के. वयोगट जुळत नाहीत, पण 15 टक्केबिंदूंहून मोठी दरी वयाने भरून निघत नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणाचा हा आकडा वर्षभराच्या स्थितीवर आधारलेला आहे. वर्षात 30 दिवस केलेले दुय्यम कामही त्यात मोजले जाते. वेळ-वापर सर्वेक्षण एका दिवसाबद्दल विचारते. शिवाय घरच्या खाण्यासाठी पिकवलेले धान्य श्रमशक्ती सर्वेक्षणात ‘काम’ ठरते, तर वेळ-वापरात ते रोजगाराबाहेरच्या, स्वतःच्या वापरासाठीच्या उत्पादनाच्या रकान्यात जाते. 2019 मध्ये 6 वर्षांवरील गटात त्या रकान्यात 20 टक्के स्त्रिया होत्या. रोजगाराच्या रकान्यात होत्या 18.4 टक्के.