वीस आणि तीस, तरी पन्नास नाही

गेवराईतलं एखादं ‘आपले सरकार सेवा केंद्र’ डोळ्यांसमोर आणा. बाहेर पीक विम्याची रांग, आत फायबरचा राऊटर आणि शेजारी मोबाईलचं डोंगल. फायबर ३० एमबीपीएस, डोंगल २०. दोन्ही एकत्र केली की ५०, हा हिशेब कागदावरच जमतो. भार वाटणारा साधा राऊटर एक संवाद एकाच जोडणीवर ठेवतो. चार संगणकांवर चार कामं चालली असतील तर फायदा होतो. एकच जड फाइल चढवायची तर ती तिसाच्या वर जात नाही. फाइलची पॅकेटं, म्हणजे क्रमांक दिलेले तुकडे, दोन्हीकडे आलटून पालटून सोडली तर? डोंगलवरची मागे पडतात. मधला क्रमांक आला नाही, असं पलीकडचा संगणक पुन्हा पुन्हा कळवतो, आणि तीनदा तीच पोच आली की पाठवणारा पॅकेट हरवलं असं धरून वेग कमी करतो. हरवलेलं काहीच नसतं!

मल्टिपाथ टीसीपी या पद्धतीनं हा गुंता सोडवला. ती प्रत्येक वाटेचे क्रमांक वेगळे ठेवते आणि सगळ्या मजकुराला वर आणखी एक क्रमांक देते. तिचं प्रायोगिक मानक २०१३ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ॲपलनं ती ‘सिरी’साठी वापरली. तिथे मुख्य गरज होती ती वायफाय सुटून मोबाईल नेटवर्क धरताना बोलणं तुटू नये याची. माझ्या मते दोन जोडण्यांची खरी किंमत इथेच आहे. अडचण एवढीच, की पलीकडच्या सर्व्हरलाही ही पद्धत यावी लागते. नाहीतर ती येणारा भाड्याचा सर्व्हर मध्ये बसवा.

चांगलं फायबर असताना दुसरा खर्च कशाला, असं कोणी विचारेल. समजा, प्रत्येक जोडणी शंभरातला एक तास बंद असते. एकटीवर वर्षाचे सुमारे ८८ तास गेले. दोन्हींचे बिघाड एकमेकांपासून खरंच स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा वेळ तासाच्याही आत येतो. सगळा भार त्या ‘स्वतंत्र’वर आहे. दोन कंपन्यांच्या केबल महामार्गालगत एकाच चरातून शहागडच्या पुलाकडे जात असतील, तर एका जेसीबीला दोन्ही पुरतात. मोबाईल टॉवरही बऱ्याचदा जमिनीतल्या फायबरवरच असतो. म्हणून दुसरी जोडणी घेताना वेगाआधी तिची वाट विचारावी. आणि राऊटर, डोंगल दोन्ही एकाच थकलेल्या इन्व्हर्टरवर असतील, तर वीज गेल्यावर केबल कुठून आली याला काही अर्थ उरत नाही.