वर्गणीच्या यादीसाठी एकच फाइल: बॅचमध्ये पायथन

गणेशोत्सवाआधी वर्गणीची यादी तयार करायची असते. वडोदऱ्यातल्या आपल्या यादीत काही नावे देवनागरीत, तर काही गुजराती लिपीत असतात. थकबाकी निवडण्याचे काम पायथनच्या तीसेक ओळी सहज करतात. पण कार्यालयात बसणाऱ्या काकांना दोन फाइली सांभाळायला लावणे आम्हाला पटत नाही. त्यांना डबल क्लिक करण्याजोगी एकच फाइल हवी.

विंडोजवर ती बनवता येते. बॅच फाइलच्या पहिल्या ओळीत दोन आज्ञा द्यायच्या. पहिली, पायथनने 'वजा एक्स' हा पर्याय घेऊन हीच फाइल चालवावी. दुसरी, ते झाल्यावर बॅचमधून बाहेर पडावे. वजा एक्समुळे पायथन पहिली ओळ सोडून देतो, म्हणून दुसऱ्या ओळीपासून निव्वळ पायथन लिहिता येतो. दुसरी आज्ञा राहिली तर पायथनच्या ओळी बॅच आपल्याच समजते आणि काळ्या खिडकीत चुकांची रांग लागते. फाइलचा पत्ता दुहेरी अवतरणात ठेवावा. 'वर्गणी यादी' अशा फोल्डरच्या नावात मोकळी जागा असतेच!

लिनक्सवर शेलच्या फाइलमध्ये दोन खूणशब्दांच्या मधे पायथन लिहितात. सुरुवातीचा खूणशब्द एकेरी अवतरणात घालावा, नाहीतर डॉलरचे चिन्ह लागलेले शब्द शेल आधीच बदलून टाकतो.

खरी काळजी नावांची. एन्कोडिंग सांगितले नाही तर विंडोजवर पायथन सहसा जुन्या कोड पेजने फाइल वाचतो; मग नावांची अगम्य चिन्हे होतात किंवा काम मधेच थांबते. एक्सेलमधून यादी 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केली की सुरुवातीला एक अदृश्य खूण येते. साध्या यूटीएफ-८ने वाचल्यास ती पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटते आणि डोळ्यांसमोर असलेला 'नाव' हा रकाना पायथनला सापडत नाही. म्हणून वाचताना 'यूटीएफ-८-सिग' लिहावे. बॅच फाइल मात्र नोटपॅडमध्ये या खुणेशिवाय जतन करावी, कारण खूण असली तर बॅचला पहिलीच आज्ञा ओळखता येत नाही.

शंभराच्या वर ओळी झाल्या तर आम्ही पायथनची फाइल वेगळीच ठेवू. आणि अर्थात, कार्यालयातल्या संगणकावर पायथन आधी बसवलेला हवा.