कार्बाइनचा लांब-आखूड होणारा दस्ता : घेण्याआधी काय बघावं?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरी बंदुकीचा विषय पूर्वी फारसा निघत नसे. पण २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शब्बाथच्या सकाळी, पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये ११ जणांचा खून झाला आणि तिथल्या ज्यू घरांत हा विषय निघू लागला. कुणी रेंजवर नेमबाजी शिकायला जातं, कुणाचा जावई शिकारी असतो, कुणाचं आयुष्य फौजेत गेलेलं असतं. बंदूक घ्यावी की न घ्यावी, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपण इथे तिच्या एकाच भागाबद्दल बोलू, तो म्हणजे दस्ता. वय झालेल्या माणसाला बंदूक झेपते की नाही, हे बरंचसं दस्त्यावर ठरतं. आणि हाच दस्ता अमेरिकेतल्या काही राज्यांत माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकतो.

दस्ता म्हणजे काय?

बंदुकीचा जो मागचा भाग आपण खांद्याला टेकवतो तो दस्ता. फौजेतले लोक त्याला बट म्हणतात. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, हलकी रायफल.

आपले पुष्कळ पूर्वज कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होते. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही फौजेतलेच. त्यांच्या काळच्या बंदुकीचा दस्ता लाकडाचा आणि एकाच मापाचा. शिपाई उंच असो की बुटका, बंदूक बदलत नसे, शिपायालाच तिच्याशी जमवून घ्यावं लागे.

पुढे हे बदललं. अमेरिकेने १९४१ साली एम-१ कार्बाइन घेतली आणि विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी तिचाच दुमडणारा लोखंडी दस्ता असलेला प्रकार काढला. भारतात पोलिसांच्या हातात जी ९ मिलिमीटरची कार्बाइन आपण पाहत आलो, तिचाही दस्ता दुमडायचा. १९९४ साली अमेरिकन सैन्याने घेतलेल्या एम-४ कार्बाइनचा दस्ता मात्र दुमडत नाही, तो मागेपुढे सरकतो. पूर्ण बाहेर काढला तर बंदूक ३३ इंच, आत सारला तर पावणेतीस इंच. आज अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या एआर-१५ जातीच्या कार्बाइनला बहुधा असाच दस्ता असतो. त्याला चार किंवा सहा खाचा असतात. खालची कळ दाबायची, दस्ता हव्या त्या खाचेवर आणायचा आणि कळ सोडायची. बस.

माप कसं घ्यावं?

दस्त्याचं माप म्हणजे त्याच्या मागच्या टोकापासून घोड्यापर्यंतचं अंतर. ठोकळमानाने बघायचं तर हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि कोपराच्या आतल्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजावं. हे अंतर आणि दस्त्याचं माप जवळपास सारखं यावं. पण हा नुसता अंदाज आहे. खरी परीक्षा बंदूक खांद्याला लावल्यावरच होते. अर्थात ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून.

दस्ता लांब झाला की माणूस मागे झुकतो, वजन पुढे लोंबतं आणि दोन मिनिटांत हात थरथरतात. वयस्कर माणसाला हे लगेच जाणवतं. फार आखूड झाला तर अंगठा नाकापाशी येतो आणि दुर्बीण लावलेली असेल तर धक्क्याने ती भुवईवर आपटू शकते. थंडीच्या दिवसांत जाड कोट घातला की खांदा इंचभर पुढे येतो. तेव्हा दस्ता एक खाच आत घ्यावा. सरकत्या दस्त्याचा मोठा फायदा हाच. एकाच घरात उंच मुलगा आणि ठेंगणी आई दोघांनाही एकच बंदूक बसते.

गालाचा टेकू आणि खांदा

नेम नीट बसायला गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकला पाहिजे. चष्मा, त्यातही बायफोकल, असेल तर मान जास्त वाकवावी लागते आणि काचेच्या चुकीच्या भागातून बघितलं जातं. म्हणून गालाखालचा भाग रुंद असलेला, किंवा उंची वाढवता येईल असा दस्ता बघावा. त्याच्या मागे रबराची जाड गादी असावी. या जातीच्या कार्बाइनचा धक्का मोठ्या रायफलीपेक्षा कमीच असतो, पण झिजलेल्या सांध्याला तोही लागतो.

एक गोष्ट विसरू नका. छातीत पेसमेकर असेल तर त्या बाजूच्या खांद्याला दस्ता टेकवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. दुकानदार हे विचारेलच असं नाही.

अर्ध्या मिलिमीटरची भानगड

एआर-१५ च्या मागे एक गोल नळी असते. तिच्यात स्प्रिंग असते आणि दस्ता तिच्यावरूनच सरकतो. म्हणूनच ही बंदूक सहजासहजी दुमडता येत नाही. या नळीची दोन मापं बाजारात आहेत. लष्करी मापाची नळी १.१४८ इंच जाड, तर व्यापारी मापाची १.१६८ इंच. फरक अर्धा मिलिमीटर. पण लष्करी मापाचा दस्ता जाड नळीवर चढतच नाही आणि व्यापारी मापाचा दस्ता बारीक नळीवर खुळखुळतो. म्हणून आधी आपली नळी मोजून घ्यावी, मगच दस्ता मागवावा. बसवल्यावर हलवून बघावं. कळ आपोआप सुटता कामा नये.

कायदा : राज्य बदललं की गुन्हा

आता सर्वांत महत्त्वाचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नुसता दस्ता म्हणजे बंदूक नव्हे. तो टपालानेही घरी येतो आणि विकणारा तुमचं राज्य बघेलच याची खात्री नाही. इथेच माणूस फसतो.

१९९४ ते २००४ या काळात केंद्राचाच एक कायदा होता. त्यात दुमडणारा किंवा सरकणारा दस्ता हे 'असॉल्ट वेपन'चं एक लक्षण मानलं होतं. तो कायदा संपला, पण काही राज्यांनी तोच विचार पुढे चालवला. न्यू यॉर्कमध्ये २०१३ पासून, मॅगझीन काढता येणाऱ्या अर्ध-स्वयंचलित रायफलीला असं एक लक्षण असलं तरी पुरे. न्यू जर्सीत दोन लक्षणं लागतात, पण पिस्तुलासारखी मूठ हे त्यातलं एक आहे आणि ती एआर-१५ ला असतेच. त्यात सरकता दस्ता लावला की दोन झाली. एवढंच काय, तिथल्या बंदीच्या यादीत एम-१ कार्बाइनचंही नाव आहे. म्हणजे महायुद्धातली जुनी आठवण म्हणून ठेवलेली बंदूकसुद्धा सुटत नाही. कॅलिफोर्निया, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, आणि २०२३ पासून इलिनॉय व वॉशिंग्टन राज्य, इथेही बंधनं आहेत.

याउलट पेनसिल्व्हेनिया, टेक्सास, फ्लोरिडा इथे राज्याची अशी बंदी नाही. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्या मध्ये एक डेलावेअर नदी आहे. पुलाच्या अलीकडे जी बंदूक चालते, ती गाडीत टाकून पलीकडे मुलीकडे नेली की गंभीर गुन्हा होऊ शकतो. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटका होत नाही.

बंदी असलेल्या राज्यांत एक वाट असते. दस्ता आपल्या मापावर आणून, तो पुन्हा हलणार नाही असा कायमचा पक्का करून घ्यायचा, किंवा मुळातच न हलणारा, योग्य लांबीचा दस्ता लावायचा. पण नुसता दस्ता पक्का केला म्हणजे काम झालं असं नाही, कारण बाकीची लक्षणंही मोजली जातात. हे काम परवानाधारक कारागिराकडून, आणि त्या राज्याचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारूनच करावं.

पाहुणे म्हणून गेलेल्यांसाठी

आपल्यापैकी बरेच जण मुलांना भेटायला टुरिस्ट व्हिसावर जातात. नातू कौतुकाने म्हणतो, "आजोबा, चला रेंजवर, एक गोळी मारून बघा." तेव्हा थांबा. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या ताब्यात ठेवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हाही ताबाच धरला जातो. शिकारीचा वैध परवाना असणं अशा थोड्या सवलती आहेत, तेवढ्याच. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. पाहुण्याने काचेमागून बघावं, पाठ थोपटावी आणि घरी येऊन चहा प्यावा.

थोडक्यात क्रम असा ठेवा : आधी राज्याचा कायदा, मग डॉक्टर, मग नळीचं माप, मग हाताचं माप आणि शेवटी किंमत. आणि बंदूक घरात असेल तर ती रिकामी, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. दस्ता आत सारला की बंदूक आखूड होते आणि लहान मुलाच्या हातातही सहज मावते, हे लक्षात असू द्या.