सहकार, पक्षांतर आणि न्यायालय : बाळासाहेब विखे पाटील यांची राजकीय वाटचाल

प्रस्तावना :
अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे राजकारण पक्षांपेक्षा सहकारी संस्थांच्या आधारे अधिक स्पष्ट होते. एकनाथराव तथा बाळासाहेब विखे पाटील (1932-2016) यांचे जीवन हे त्याचे ठळक उदाहरण होय. आठ वेळा लोकसभेवर निवडून आलेले हे नेतृत्व समर्थकांना विकासाभिमुख, तर टीकाकारांना संधिसाधू वाटले. या परस्परविरोधी मतांची संगती लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण :
वडील पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकार्याने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये झाला. कारखान्यापाठोपाठ शिक्षणसंस्था व रुग्णालय उभे राहिले. ऊस उत्पादक सभासद, कामगार व विद्यार्थी यांचे हे जाळे हाच बाळासाहेबांचा खरा राजकीय पाया होता.

पक्षीय वाटचाल :
1971 ते 1989 या काळात ते कोपरगाव मतदारसंघातून सलग पाच वेळा काँग्रेसतर्फे विजयी झाले. 1991 मध्ये त्यांनी अहमदनगरमधून अपक्ष म्हणून निवडणूक लढविली व ते पराभूत झाले. 1998 मध्ये अहमदनगरमधून आणि 1999 मध्ये कोपरगावमधून ते शिवसेनेतर्फे निवडून आले. वाजपेयी मंत्रिमंडळात त्यांनी अर्थ राज्यमंत्री व पुढे अवजड उद्योग मंत्री म्हणून काम केले. 2004 मध्ये ते पुन्हा काँग्रेसचे खासदार झाले. पक्ष बदलले, तरी संस्थात्मक आधार लोणी-प्रवरानगर येथेच राहिला.

1991 चा निवडणूक खटला :
काँग्रेसचे विजयी उमेदवार यशवंतराव गडाख यांच्या निवडीस विखे यांनी न्यायालयात आव्हान दिले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123(4) नुसार, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी खोटे, आणि बोलणाऱ्याला स्वतःला खरे न वाटणारे विधान त्याच्या यशास बाधा आणण्यासाठी करणे हा भ्रष्टाचार ठरतो. धोरणांवरील कठोर टीका मात्र या कक्षेत येत नाही. प्रचारसभांतील भाषणे हाच येथे पुरावा ठरला. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली व शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. पवार यांच्यावरील ठपका मात्र टिकला नाही. विखे यांनाही ती जागा मिळाली नाही. 1994 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे मारुती शेळके विजयी झाले.

समारोप :
विखे यांची पक्षनिष्ठा वादातीत म्हणता येत नाही. परंतु पक्षाविना टिकून राहण्याचे सामर्थ्य त्यांना सहकारानेच दिले. सभासदांच्या मालकीची संस्था एखाद्या घराण्याच्या सत्तेचा आधार बनते, तेव्हा सभासदाचे स्वातंत्र्य कितपत उरते, हा प्रश्न त्यांच्या कर्तृत्वाइतकाच महत्त्वाचा आहे. 2010 मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान लाभला. तथापि एका पराभवातून प्रचारातील वाणीची मर्यादा अधोरेखित झाली, हे त्यांच्या वाटचालीचे अभ्यासकांनी दुर्लक्षू नये असे फलित होय.