दुखतें कोठें आणि मूळ कोठें?

घरांतील वडील माणसाच्या पायांत कळ निघाली कीं ‘ही सायटिकाच’ असा निकाल घरच्या घरीं लागतो आणि तेलाची वाटी पुढें येते. परंतु दुखतें एकीकडे आणि मूळ असतें दुसरीकडे, हाच या दुखण्यांतील खरा पेंच आहे. तो सोडविण्याचें डॉक्टरांचें पहिलें साधन म्हणजे त्यांचे दोन हात.

सायटिकेंत दुखणारा मज्जातंतु शरीरांत सर्वांत जाड. कंबरेच्या खालच्या भागांतून निघालेलीं मुळें एकत्र होऊन तो बनतो आणि मांडीच्या मागून खालीं उतरतो. रोग्यास उताणें निजवून, गुडघा न वांकवितां पाय हळूहळू उचलला म्हणजे तो ताणला जातो. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखालीं उतरली, तर मूळ दाबलें गेल्याचा संशय येतो. नुसता मांडीमागें बसणारा ताण मात्र निरोगी माणसासहि जाणवतो.

या परीक्षेस फ्रेंच वैद्य लासेग यांचें नांव मिळालें. त्यांचे शिष्य फोर्स्ट यांनीं ती १८८१ मध्यें प्रबंधांत वर्णिली. पण १८८० मध्येंच सर्बियांतील डॉक्टर लाझारेविच यांनीं ती सांगितली होती. हे गृहस्थ त्या भाषेंतील नामांकित कथालेखकहि होते. मणक्यांमधील चकती सरकून मुळावर दाब येतो, हें मिक्स्टर व बार या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं १९३४ मध्यें दाखवून दिलें.

तथापि एकाच परीक्षेवर निकाल देतां येत नाहीं. चांगला पाय उचलला असतां दुखऱ्या पायांत कळ आली, तर संशय पुष्कळ बळावतो. मग रोग्यास टाचांवर व चवड्यांवर चालवितात, पायाच्या आंगठ्याचा जोर अजमावितात आणि घोट्यामागें लहान हातोडीनें ठोकून पाऊल उसळतें कीं नाहीं तें पाहतात. त्यावरून कोणतें मूळ दाबलें आहे याचा अंदाज बांधतां येतो.

खुब्याची गोष्ट निराळी. त्याचें दुखणें बहुधा जांघेंत, क्वचित् गुडघ्यांतहि जाणवतें. मांडी घालून बसणें किंवा पायाचीं नखें काढणें जड जातें. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून उभा गुडघा बाजूस दाबला आणि जांघ दुखली, तर दोष खुब्यांत असावा. पाठीमागें दुखलें, तर कंबर व माकडहाड यांजवळील सांध्यांत.

सायटिकेचे बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत सुधारतात. परंतु लघवी अडली, शौचावरील ताबा सुटला, बसतांना टेकणारा भाग बधिर झाला किंवा पायांतील शक्ति झपाट्यानें जाऊं लागली, तर तेलाची वाटी बाजूस ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेथें झालेला उशीर पुढें भरून निघेलच असें नाहीं.